कामिनीचं विसरणं

लखीचंद शेठच्या डाळ मिलमध्ये कामिनीचं काम एकच, बघायचं. पोत्यातून मूठभर तूरडाळ काढायची, पांढऱ्या ताटात पसरायची आणि बघायचं. डागी दाणा, किडका दाणा, खडा, सालपट, जे नको ते तिला आपोआप दिसतं. शेठ म्हणतात, "देखो, मशीन चुकेल, पण कामिनीताईंची नजर नाही चुकणार." ही काही नुसती तोंडदेखली स्तुती नाही. जळगावात डाळ मिलींची कमी नाही, पण दोन मिनिटांत माल पास-नापास करणारी दुसरी बाई शोधून दाखवा.

आणि हीच बाई संध्याकाळी पिंप्राळ्यातल्या आपल्या घराचं कुलूप उघडते तेव्हा दारातच थबकून उभी राहते. आत सगळं सकाळी ठेवलं तसंच आहे की नाही, याची तिला खात्री वाटत नाही. दिसतं सगळं, पण जे दिसतं ते खरं धरायचं की नाही, इथं घोडं अडतं. बावीस वर्षं तिला हेच शिकवलं गेलं होतं की बाई, तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

कामिनी मूळची पहूरची. घरची केळी, थोडा कापूस, मोठा भाऊ चुडामण. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन धुळ्याला देवपुरात गेली. नवरा शालिग्राम, एका हायस्कुलात क्लार्क. माणूस इतका गोड की विचारू नका. आवाज चढवणं माहीत नाही, दारू नाही, तंबाखू नाही, सासरेबुवांच्या पायाला हात लावल्याशिवाय पहूरचा उंबरा ओलांडला नाही. बायकोबद्दल तक्रार एवढीच, तीही हसत हसत, की हिला काही लक्षात राहत नाही. रेशनकार्ड हरवलं, तर ते पिठाच्या डब्यात सापडायचं. कानातलं हरवलं, तर ते त्याच्याच हाताला लागायचं. "असू दे गं, होतं असं," म्हणून तोच समजूत घालायचा. पाहुण्यांसमोर सांगायचा, "आमच्या हिला देवानं सगळं दिलं, फक्त डोकं जागेवर ठेवायला विसरला." पाहुणे हसायचे. कामिनीसुद्धा हसायची. पुढं पुढं तिनं हसणं सोडलं आणि बोलणंही कमी केलं. शालिग्राम तिला एका डॉक्टरकडे घेऊन गेला, गोळ्या सुरू झाल्या, त्या गोळ्यांनी ती दुपारभर झोपायला लागली, आणि मग तर काय, आणखीच विसरायला लागली.

एक दिवस तिनं बॅग भरली आणि पहूरला निघून आली. का, ते तिला धड सांगता येईना. चुडामणभाऊ उलटतपासणी घ्यायला बसला. "मारतो?" नाही. "पितो?" नाही. "बाहेर काही भानगड?" नाही. "मग झालं काय, कामिनी?" आता काय सांगणार? त्या घरात आपण रोज थोडे थोडे कमी होत चाललोय, असं म्हणायचं होतं तिला, पण भावाला असलं बोलणं कळलं असतं का? सहा महिने भावजयीची तोंडं बघितली, मग शेठच्या मिलमध्ये हे काम मिळालं आणि शेठच्याच पिंप्राळ्यातल्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावाचं घर.

गोळ्या तिनं पहूरलाच बंद केल्या होत्या. डोकं साफ झाल्यासारखं वाटत होतं. मग तिनं सोडचिठ्ठीसाठी अर्ज केला आणि शालिग्रामचं उत्तर आलं, तेही किती प्रेमळ. बायकोवर माझा राग नाही, तिची मनःस्थिती ठीक नाही, ती विसरते, नसलेल्या गोष्टी तिला दिसतात, तिला एकटं ठेवणं धोक्याचं आहे, तिला उपचारासाठी माझ्या घरी पाठवावं. वकीलबाई मोहिनी जैन यांनी ते कागद वाचून चष्मा काढला आणि बजावलं, "कामिनीताई, घरात काही हरवलं, सापडलं, हललं, असलं काहीही कोणाजवळ बोलायचं नाही. फोनवर तर नाहीच नाही. तुम्ही एकदा 'मी विसरले' म्हणालात, की केस त्यांची."

म्हणजे बघा, पणाला काय लागलं होतं. डोकं ठिकाणावर आहे की नाही एवढंच. ते नाही असं ठरलं की घर गेलं, काम गेलं, आणि नाशिकला शिकणारी तिची एकुलती एक पोरगी ऋतिका, तीही गेल्यातच जमा. कारण ऋतिका आईवर जीव टाकायची, पण बापावरही टाकायची, आणि दर रविवारी फोनवर हळूच विचारायची, "आई, गोळ्या घेतेस ना?"

दिवाळीनंतर कामिनी नव्या घरात आली. पहिल्याच आठवड्यात भानगड सुरू झाली. मिलमधून घरी येऊन बघते तर पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप काठोकाठ भरलेलं. माठही भरलेला, वर ताटली झाकलेली. सकाळी पिंपात तांब्याभर पाणी होतं, हे तिला स्वच्छ आठवत होतं. म्हणजे आठवत होतं असं वाटत होतं. दुसरी कोणी असती तर शेजारी-पाजारी बोंब ठोकली असती. कामिनीनं काय केलं? पिंपाकडे बघत विचार केला, मीच भरलं असेल का? चार दिवसांनी परत तेच. घाबरून तिनं ते पाणी ओतून दिलं. जळगावात पिण्याचं पाणी ओतून द्यायचं म्हणजे किती घाबरली असेल ती, तुम्हीच समजा.

त्यात भाविकानं तेल ओतलं. भाविका मिलच्या ऑफिसात बिलं करते, चोवीस वर्षांची, तोंडाचा पट्टा सतत चालू. जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर एक पिक्चर लावला. एक पोरगी नव्या फ्लॅटमध्ये राहायला येते आणि कोणीतरी तिच्या पाळतीवर असतं. ती झोपली की तो भिंतीतल्या कपाटातून बाहेर येतो, तिचा टूथब्रश वापरतो, तिच्या उशाशी उभा राहतो. कामिनीनं वीसेक मिनिटं बघितलं आणि डबा तसाच झाकून उठली. "मॅडम, शेवट तर बघा," भाविका म्हणाली. कसला शेवट बघते ती. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं कपाटातल्या सगळ्या साड्या बाहेर काढून मागच्या फळीवर बुक्के मारून बघितले. फळी आपली फळीच होती.

मग मात्र ती हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि दाराला नवं कुलूप बसवून घेतलं. त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी पिंप रिकामं राहिलं. म्हणजे कोणीतरी खरंच येत होतं. ती असा विचार करत उभी आहे तोवर जिन्यात धपधप पावलं वाजली आणि तळमजल्यावरची बेबाबाई कमरेवर हात ठेवून दारात हजर.

बेबाबाई सत्तरीची, पाचोऱ्याकडची, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. पूर्वी याच मिलमध्ये डाळ निवडायला होती. बोलणं पक्कं खानदेशी, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलली तरी गच्चीवर ऐकू यावं. "काय व बाई, कुलूप बदली टाकं अन सांगं बी नई? तीन येळा जिना चढनू मी. गुडघा मना शेतस का तुना?"

कामिनीला आधी काही उमगेना. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. या इमारतीत वापरायचं पाणी बोअरचं, पण पिण्याचं नळाचं, आणि नळ तीन दिवसांआड, तोही भर दुपारी पाऊण तास. त्या वेळी सगळे कामावर. म्हणून वर्षानुवर्षांचा रिवाज असा की नोकरीवाल्यांच्या घराची एकेक चावी बेबाबाईकडे. तिच्या दाराआडच्या खिळ्यांवर चाव्या टांगलेल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. नळ आला की ही म्हातारी मजल्यामजल्यावर जाऊन सगळ्यांचं पाणी भरणार. आधीच्या भाडेकरूची चावी तिच्याकडे होतीच. नव्या बाईला हे सांगायला हवं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हे सगळ्यांना माहीतच असतं, असं शेठना वाटलं, आणि बेबाबाईला वाटलं की शेठनी सांगितलंच असेल.

कामिनी जिन्यात बसून इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे पाळतीवर असलेला राक्षस हा होता, नऊवारी नेसलेला, गुडघेदुखीचा. तिनं बेबाबाईला चहा पाजला, अक्का म्हणायला लागली, आणि नव्या कुलपाची एक चावी हिरवा दोरा बांधून स्वतःच्या हातानं तिला दिली. भाविकाला सांगितलं तर ती हिरमुसली. तिच्या पिक्चरचा शेवट यापेक्षा बरा होता म्हणे.

जानेवारी सुखात गेला. कामिनीनं खिडकीत गवती चहाची कुंडी ठेवली, अक्काकडून ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी शिकली, आणि ऋतिका फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज वेगळाच वाटतो." वेगळा म्हणजे कसा, ते पोरीनं सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही, पण दोघींना बरं वाटलं.

फेब्रुवारीत परत सुरू झालं, आणि या वेळी पाण्याचं नाही. मिठाचा डबा साखरेच्या जागी. भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं. चपलांच्या जोडाचं तोंड भिंतीकडे. कॅलेंडरचं पान एक महिना उलटलेलं. चोरीला काही जात नव्हतं, मोडत काही नव्हतं. कोणाला सांगायला जावं तर तो म्हणेल, बाई, यात घाबरण्यासारखं काय आहे? आणि कामिनीनं तरी कोणाला सांगावं? वकीलबाईंनी तोंडाला कुलूपच घातलं होतं.

तिनं अक्काला आडून विचारून बघितलं. "अक्का, पाणी भरताना डबे-बिबे हलवता का हो?" म्हातारी फणकारली. "माले तुना डब्बास्नं काय करनं शे?" कामिनीनं आवाज आणखी खाली आणून विचारलं, "चावी दुसऱ्या कोणाला देत नाही ना?" बेबाबाईनं पदर सारखा केला, दुसरीकडे बघितलं आणि म्हणाली, "परकाले चाबी देस का मी कधी?" कामिनीला वाटलं, आपण म्हातारीला दुखावलं. तिनंच माफी मागितली.

मग ती रोज सकाळी निघताना मोबाइलवर स्वयंपाकघराचा फोटो काढायला लागली. संध्याकाळी फोटो समोर धरून डबे जुळवायची. एक दिवस चहापत्तीचा डबा फोटोत डावीकडे आणि फळीवर उजवीकडे. आता तरी पक्कं व्हायला हवं होतं. पण नाही. फोटो काढल्यावर आपण परत चहा केला होता का? केला असेल. चहा केला तर डबा हलवला असेल. हलवला हे आठवत का नाही? कारण आठवत नाहीच आपल्याला काही. गोल फिरून ती तिथंच येऊन आपटायची. पिक्चर बघण्याच्या आधीपासून हे होतंय की नंतर सुरू झालं, हेही तिला सांगता येईना. पिक्चरच आपल्या डोक्यात शिरलाय असंही एकदा वाटून गेलं.

शालिग्रामचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला होता. पण तो धुळ्यात, शाळेत, दीड-दोन तासांच्या वाटेवर, आणि या घराची चावी त्याच्याकडे असायचं कारणच काय? उलट त्याच्या विचारानंच ती जास्त खचली. तिनं असा हिशेब मांडला: देवपुरात वस्तू हलायच्या, तेव्हा तिला कधीमधी वाटायचं की त्या घरात काहीतरी आहे. आता घर वेगळं, गाव वेगळं, तो माणूसही नाही, आणि वस्तू हलतायत तशाच. मग सगळीकडे एकच गोष्ट सारखी राहिली. ती स्वतः. म्हणजे शालिग्राम खरंच बोलत होता. बावीस वर्षं तो बिचारा सांभाळून घेत होता आणि आपण त्याला सोडून आलो.

हे ज्या दिवशी तिच्या मनात पक्कं झालं, त्या दिवशी मिलमध्ये तिनं शेठनी पाठवलेला माल तीनदा तपासला आणि तरी पास म्हणायला धजेना. भाविका म्हणाली, "मॅडम, बरं नाही का?" कामिनी म्हणाली, "डोळ्यांना काहीतरी झालंय." मग पर्समधून जुन्या गोळ्यांची चिठ्ठी काढून बघत बसली.

मार्चमधल्या एका शनिवारी मिलला अर्धी सुट्टी होती, ती दुपारीच घरी आली तर इमारतीखाली माणसं जमलेली. तिच्या खिडकीतून धूर येत होता. गॅसवर नुसता तवा ठेवलेला, खाली शेगडी पेटलेली, तवा तापून लालभडक, शेजारी लटकवलेलं फडकं पेटून ओट्यावर पडलेलं. समोरच्या घरातल्या बाईला जळका वास आला आणि बेबाबाईनं धावत जाऊन दार उघडून गॅस बंद केला, म्हणून निभावलं. फळीचा एक कोपरा काळा झाला, बाकी काही नाही. पण लोक बोलायचे ते बोलले. एकटी बाई, लक्ष नसतं, उद्या अख्खी इमारत पेटवील. कामिनी ओट्यासमोर उभी राहिली. सकाळी तिनं भाकरी केलीच नव्हती, डब्यात कालची खिचडी नेली होती. असं तिला वाटत होतं. वाटत होतं एवढंच.

रविवारी सकाळी दहाला लखीचंद शेठ स्वतः आले. वाईट माणूस नाही तो. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. दाराशी बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती, बोलावल्याशिवाय आलेली. खाली-वरच्या दोन बाया जिन्यात कान लावून.

"देखो कामिनीताई," शेठ म्हणाले, "मिलमध्ये तुमचं काम आहे ते आहे. पण घराचं असं आहे, इथं अकरा कुटुंबं राहतात. काल थोडक्यात वाचलं. तुम्ही भावाकडे राहा, नाही तर कोणी सोबतीला आणा. मला असंही कळलं की तुमची तब्येत... म्हणजे धुळ्याहून तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता मागे एकदा. फार काळजी करत होते. मी म्हटलं, घरचं आहे, आपण कशाला पडा मध्ये. पण आता मला सांगा, गॅस तुमच्याकडूनच चालू राहिला ना? एवढं कबूल करा, मी राग नाही धरणार."

कामिनीनं मान वर केली. भांडावं असं तिच्यात काही उरलंच नव्हतं. कबूल केलं की मोकळं वाटेल, झोप तरी लागेल. जिन्यात दोन बाया, समोर शेठ, म्हणजे साक्षीदारही तयार. वकीलबाईंचा चेहरा तिला क्षणभर आठवला आणि पुसला गेला. "शेठ," ती म्हणाली, "मीच विसरले..."

"ती कशी विसरई?" बेबाबाई मध्येच म्हणाली. "सकायले गयी ती. दुपारले जवाई ऊना व्हता ना. तो च्या-बी कराले गया व्हई गॅसवर. त्याले इचारा."

शेठनी विचारलं, "कोण जावई?"

"हिना नवरा." म्हातारी आता कामिनीकडे बघत नव्हती. तिनं शब्द मोडला होता आणि तिला त्याची लाज वाटत होती. मग तिनं सगळं सांगितलं, आपल्या बोलीत, थांबत थांबत. जानेवारीच्या शेवटी शालिग्राम पहिल्यांदा आला. पाया पडला, पेढे दिले, गुडघ्याचं मलम दिलं. म्हणाला, अक्का, बायको रुसून आलीय, मी तिची समजूत काढतोय, पण तिला इतक्यात सांगू नका, नाही तर सगळं बिघडेल. नुसतं तिचं घर बघून जातो, मन शांत होतं. आता दोन जिवांचं जुळत असेल तर कोणती म्हातारी नाही म्हणेल? बेबाबाईनं उभ्या जन्मात चार मोडलेले संसार जुळवले होते आणि त्याचं तिला पुण्य वाटत होतं. पाण्याच्या दिवशी दुपारी तो यायचा, हिरव्या दोऱ्याची चावी घ्यायचा, अर्ध्या तासानं आणून द्यायचा. सात वेळा. काल आठव्यांदा. "नवरा शे तुना, परका थोडाच शे?" ती शेवटी म्हणाली, पण तिचा आवाज डळमळला होता. "मी काय वाईट करं व माय?"

शेठ कामिनीकडे बघत राहिले. ती आता रडेल, ओरडेल, म्हातारीवर धावून जाईल, असं त्यांना वाटलं असणार. कोणीतरी कुलूप उघडून दीड महिना आपल्या घरात वावरत होतं, हे कळल्यावर बाई काय करते? कामिनी हसली. तोंडावर हात दाबून हसली, मग हात काढून हसली, आणि तिचे गाल ओले झाले. "तो आला होता," ती म्हणाली. "अक्का, तो खरंच आला होता. डबे त्यानं हलवले. गॅस त्यानं लावला. मी नाही." ती उठून म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली. "परत सांगा. तुमच्या डोळ्यांनी पाहिलं ना?"

बेबाबाईला यातलं निम्मंही समजत नव्हतं. पण ती काही खुळी बाई नव्हती. तिनं जळक्या फळीकडे बघितलं, कामिनीकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच बदलला. चहा करायला गेलेला माणूस चहाचं भांडं न ठेवता रिकामा तवा कशाला ठेवेल, हे साठ वर्षं चुलीपाशी घालवलेल्या बाईला आता कळलं. "मना हातनी मी त्याले चाबी दिन्ही," ती हळूच म्हणाली.

शेठ उठले. "ताई, घर सोडायचं नाही. कुलूप मी बदलून देतो, उद्याच." मग दारात थांबून बेबाबाईला म्हणाले, "अक्का, कोर्टात विचारलं तर सांगाल का हे?"

नवरा-बायकोच्या भांडणात नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभं राहायचं, हे म्हातारीच्या कुळात कोणी केलं नव्हतं. "जे देखं ते सांगसू," ती शेवटी म्हणाली. "जास्ती नई, कमी नई."

सगळे गेल्यावर कामिनी ओट्यापाशी उभी राहिली. हसू ओसरलं आणि आता कुठं भीती आली, खरीखुरी, माणसाची भीती. तो या घरात फिरला होता. तिच्या उशीला, कोर्टाच्या फाइलीला, कंगव्याला हात लावला असेल. एवढं करून तो दीड-दोन तासांचा प्रवास करून परत जायचा, दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीपत्रकं भरायचा. कशासाठी? बायको परत यावी म्हणून? की आपण खरे होतो हे तिला पटावं म्हणून?

तेवढ्यात ऋतिकाचा फोन आला, रविवारचा. कामिनीनं वकीलबाईंची ताकीद धाब्यावर बसवली आणि सगळं सांगितलं, पहिल्या पिंपापासून तव्यापर्यंत.

"आई," ऋतिका म्हणाली, "माझं दहावीचं हॉलतिकीट."

कामिनीला आठवायला क्षणभर लागलं. पहिल्या पेपरच्या सकाळी हॉलतिकीट सापडत नव्हतं. पोरगी रडून रडून बेजार. आणि शालिग्रामनं ते तांदळाच्या डब्यातून काढून दिलं होतं, शांतपणे, एक शब्दही न बोलता.

"मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते," ऋतिका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तू नाही ठेवलंस ना तिथं?"

"मला काय माहीत, बाळा," कामिनी म्हणाली. "मला तेव्हा वाटलं, मीच ठेवलं असेल. मी तुझी माफी मागितली होती."

"आणि त्या आजीच्या पाटल्या? आणि माझं स्कॉलरशिपचं पत्र? आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तू आली नव्हतीस, तारीख चुकली म्हणून?"

एकेक नाव घेत होती पोरगी, आणि एकेकावर कामिनी विचार करत होती, आणि एकाचंही तिला सांगता येत नव्हतं. यातलं त्याचं कोणतं आणि तिचं कोणतं? बावीस वर्षांत ती काहीच विसरली नाही, असं कसं होईल? माणूस विसरतोच. पण कोणतं विसरणं तिचं स्वतःचं होतं, हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो कधी सांगणार नव्हता.

"आई, तू काहीच विसरत नव्हतीस," ऋतिका रडत म्हणाली. "काहीच नाही. सगळं पप्पांनी केलं."

"नाही गं, तसं नको म्हणू," कामिनी म्हणाली. "तू तान्ही असताना मी एकदा गॅसवर दूध विसरले होते, सगळं उतू गेलं. तेव्हा तो गावाला गेला होता. घरात आपण दोघीच होतो. तेवढं माझंच आहे, ते राहू दे."